जुन्या शेतीयंत्रांचे मूल्य कसे ठरवावे? : खानदेशाच्या संदर्भात एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि पूर्वीच्या पाचोरा-जामनेर या अरुंदमापी रेल्वेमार्गावर वसलेले असून, त्याच्या भोवताली कापसाची काळी जमीन पसरलेली आहे. या पट्ट्यातील गावांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, ऑइल इंजिन, सरकी वेगळी करणारे जिन आणि शेवटी ट्रॅक्टर अशी यंत्रे एकामागून एक आली, एक-दोन पिढ्या राबली आणि नवे साधन येताच बाजूला पडली. त्यांपैकी बरीचशी मोडीत गेली. जी उरली ती खळ्यात, गोठ्याच्या कडेला किंवा मोटेच्या जुन्या थारोळ्यापाशी पडून आहेत. भावाभावांत वाटणी होताना, जिनिंग कारखाना विकला जाताना, विमा उतरवताना, भंगारवाला दारात आल्यावर किंवा एखाद्या संग्रहालयाने वस्तू मागितल्यावर या यंत्रांची किंमत किती धरावी, हा प्रश्न उभा राहतो आणि प्रत्येक प्रसंगी त्याचे उत्तर वेगळे मिळते.

ही उत्तरे वेगळी का येतात, त्यांच्यामागे मूल्यमापनाच्या कोणत्या भूमिका आहेत आणि कोणत्या मुद्द्यांवर अद्याप एकवाक्यता नाही, याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे. ‘जुने यंत्र’ म्हणजे किती जुने, यावरही एकमत नाही. पुरावशेषांचा कायदा शंभर वर्षांची मर्यादा घालतो, जुन्या वाहनांचे नियम पन्नास वर्षांची, तर संग्राहक बहुधा उत्पादन बंद झालेले आणि शेतीच्या रोजच्या वापरातून गेलेले कोणतेही यंत्र जुने मानतात. येथे हा तिसरा, सर्वांत व्यापक अर्थ गृहीत धरला आहे.

२. पार्श्वभूमी : यंत्रे आली कशी आणि गेली कशी

खानदेशात यंत्रांचा शिरकाव प्रथम शेतात झाला नाही. तो शेतमालाच्या प्रक्रियेत झाला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडला होणारा कापसाचा पुरवठा तुटला, भारतीय कापसाचे भाव चढले आणि त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळ भागात पोहोचल्यामुळे येथील कापूस मुंबईच्या बाजाराशी थेट जोडला गेला. हातचरकीवर सरकी काढण्याचे काम या मागणीला पुरेनासे झाले. दातेरी करवतींनी रुई ओढून घेणारे अमेरिकन पद्धतीचे जिन आखूड धाग्याच्या देशी कापसाला मानवत नव्हते, कारण त्यात धागा तुटत असे. त्यामुळे फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेला रूळ-जिनचा प्रकार भारतात रुजला. कातड्याने मढवलेला रूळ रुई ओढून घेतो, रुळाला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते आणि वर-खाली हलणारी दुसरी सुरी त्या सरकीला ठोकून वेगळी करते, अशी त्याची रचना असते. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने असे जिन मोठ्या प्रमाणावर बनवून भारतात पाठवले आणि कापसाच्या पेठांतील कारखान्यांत ते कित्येक दशके चालू राहिले.

प्रत्यक्ष मशागतीत बदल घडवला तो लोखंडी नांगराने. काळ्या जमिनीत खोल मुळ्या धरणारी हरळी आणि कुंदा ही तणे लाकडी नांगराला दाद देत नव्हती. इप्सविचच्या रॅन्सम कंपनीसारख्या विलायती कारखानदारांचे नांगर येत होते, पण ते महाग पडत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगावात आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला आणि लोखंडाने जमीन विषारी होते या शेतकऱ्यांच्या शंकेला तोंड देत त्याचा खप हळूहळू वाढवला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून नांगरांबरोबर कडबा कापण्याची यंत्रे, चरक आणि पुढे पंप महाराष्ट्रभर गेले. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या कारखान्यातूनही नांगर आणि नंतर डिझेल इंजिने बाहेर पडली.

तिसरा टप्पा पाण्याचा. विहिरीवरची मोट मागे पडून तिच्या जागी ऑइल इंजिन आणि पंप आला. प्रथम लिस्टर, रस्टन, पेटर अशी इंग्लिश इंजिने आली, १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीत स्थापन झाली आणि कालांतराने गुजरातमधील राजकोटच्या छोट्या कारखान्यांनी लिस्टरच्या घडणीवर बेतलेली स्वस्त इंजिने बाजारात आणली. चौथा टप्पा ट्रॅक्टरचा. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने ट्रॅक्टर संघटना उभारून तणांनी भरलेल्या पडीक जमिनी तोडण्याचे काम हाती घेतले, १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर तयार झाला आणि १९६३ मध्ये महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या भागीदारीतून मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली.

येण्याइतकेच जाणेही टप्प्याटप्प्याने झाले. खेडोपाडी वीज पोहोचल्यावर ऑइल इंजिन भारनियमनाच्या काळापुरते उरले, ट्रॅक्टरने बैलजोडीचे लोखंडी नांगर मागे सारले आणि २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला अर्थसाहाय्य मिळू लागल्यावर जुनी जिन-यंत्रे झपाट्याने बदलली गेली. मूल्याचा प्रश्न आज तीव्र झाला आहे त्याचे कारण या शेवटच्या टप्प्यात आहे. यंत्र कामातून गेले आहे, पण त्याची आठवण सांगणारी माणसे अजून हयात आहेत.

३. पहिली भूमिका : हिशेबी मूल्य

मूल्यमापनाची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे घसाऱ्याची. यंत्र वापराने झिजते आणि दरवर्षी त्याच्या किमतीचा काही भाग खर्ची पडतो असे धरून उरलेली किंमत पुस्तकात दाखवली जाते. आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी दरवर्षी शिल्लक किमतीच्या १५ टक्के घसारा धरण्याची रीत आहे. या दराने एक लाख रुपयांच्या यंत्राची पुस्तकी किंमत २० वर्षांनी सुमारे ३,८७६ रुपये आणि ५० वर्षांनी जेमतेम ३० रुपये उरते. शेतकरी आपल्या नांगराचा असा हिशेब ठेवत नाही. परंतु जिनिंग कारखान्यांच्या ताळेबंदात जुनी यंत्रे याच रीतीने जवळजवळ शून्यावर आलेली असतात.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात की ती एकसारखी आहे, पडताळता येते आणि मूल्य काढणाऱ्याच्या आवडीनिवडीला तीत वाव नाही. आक्षेप असा की घसारा हा करविषयक आणि हिशेबी संकेत आहे. वस्तूची बाजारात किंवा समाजात काय किंमत आहे हे सांगण्यासाठी तो तयारच झालेला नाही. व्यावसायिक मूल्यमापक हे जाणतात. भारतात २०१७ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यमापकांचा जो वर्ग निर्माण झाला, त्यात जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि वित्तीय मत्ता असे तीन विभाग आहेत. यंत्रसामग्रीच्या मूल्यमापकासमोर खर्चाची, बाजाराची आणि उत्पन्नाची अशा तीन पद्धती असतात. खर्चाच्या पद्धतीत तेच यंत्र किंवा त्याच क्षमतेचे दुसरे यंत्र आज उभे करायला काय लागेल ते काढून त्यातून झीज वजा करतात. येथे जुन्या यंत्राची अडचण उघड होते. १९३० च्या सुमाराचे इंजिन तंतोतंत पुन्हा ओतायचे तर खर्च प्रचंड येतो आणि त्याच क्षमतेचा विजेचा पंप घ्यायचा तर खर्च अगदी थोडा येतो. या दोन आकड्यांपैकी कोणता धरायचा हे पद्धत स्वतः सांगत नाही.

४. दुसरी भूमिका : धातूचे आणि उपयोगाचे मूल्य

गावपातळीवर सर्वाधिक व्यवहार या भूमिकेतून होतात. भंगारात वजनाला भाव असतो आणि धातूपरत्वे तो बदलतो : ओतीव लोखंडाला, म्हणजे बिडाला एक भाव, पोलादाला दुसरा, पितळ आणि तांब्याला त्याहून कितीतरी जास्त. लिस्टरच्या धर्तीचे सहा अश्वशक्तीचे एक इंजिन तीनशे किलोंहून अधिक भरते आणि त्यातला मोठा वाटा दोन जड फ्लायव्हीलच्या बिडाचा असतो. या हिशेबाचा एक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. यंत्राचा कारखाना, क्रमांक आणि अश्वशक्ती सांगणारी पाटी बहुधा पितळेची असते, त्यामुळे तिला वजनाच्या मानाने सर्वांत चांगला भाव मिळतो आणि ती सर्वांत आधी निघून जाते. यंत्राची ओळख पटवणारा मुख्य पुरावा असा अवघ्या काही ग्रॅम धातूच्या भावात जातो आणि त्याबरोबर उरलेल्या तीनशे किलोंची बिडापलीकडची किंमतही घटते.

उपयोगमूल्याची बाजू मांडणारे निराळा युक्तिवाद करतात. त्यांच्या मते जुने यंत्र आजही काम देत असेल तर ते भंगार नव्हे आणि वारसाही नव्हे, ते साधन आहे. कडबा कापण्याचे हातयंत्र, उसाचा चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र ही अनेक ठिकाणी अजून चालू स्थितीत आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याच्या उपजीविकेला आवश्यक अशी शेतीची अवजारे कर्जवसुलीच्या जप्तीतून वगळलेली आहेत, यावरून कायदाही अवजाराकडे विक्रीच्या वस्तूपेक्षा जगण्याचे साधन म्हणून पाहतो असे दिसते. या भूमिकेची मर्यादा अशी की यंत्र बंद पडले आणि सुटे भाग मिळेनासे झाले की उपयोगमूल्य एका दिवसात संपते, आणि दोन बंद यंत्रांत काही फरक आहे का या प्रश्नावर तिच्यापाशी उत्तर नसते.

५. तिसरी भूमिका : संग्राहकांचा बाजार

बाजारपद्धतीचे तत्त्व सोपे आहे : तशीच वस्तू अलीकडे कितीला विकली गेली ते पाहावे आणि स्थितीतील फरकाप्रमाणे किंमत कमी-अधिक करावी. इंग्लंडमध्ये हे शक्य होते, कारण केंब्रिजशायरमधील ईली गावाजवळ भरणाऱ्या चेफिन्सच्या जुन्या यंत्रांच्या लिलावासारख्या विक्रीत अखेरचा भाव जाहीर होतो आणि नोंदला जातो. शिवाय १९५१ मध्ये रेडिंग विद्यापीठाने स्थापन केलेल्या इंग्लिश ग्रामजीवनाच्या संग्रहालयात रॅन्समसारख्या कारखान्यांची कागदपत्रे जपलेली असल्याने एखाद्या नांगराचा प्रकार आणि काळ पडताळता येतो. भावाची नोंद आणि ओळखीची नोंद या दोन आधारांवर तेथील बाजार उभा आहे.

असा बाजार ज्या निकषांवर चालतो ते साधारणपणे पाच आहेत : कारखाना आणि नमुना, उत्पादनाचा काळ, दुर्मिळता, मूळ भाग किती शिल्लक आहेत, आणि यंत्राचा इतिहास, म्हणजे ते कोणी घेतले, कुठे चालले आणि कोणाकडे गेले याची साखळी. हे निकष प्रत्यक्षात कसे लागू होतात ते ऑइल इंजिनाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. लिस्टरच्या १९३० च्या सुमारास आलेल्या पाच अश्वशक्तीच्या संथ इंजिनाचा वेग मिनिटाला ६०० फेरे आणि सिलिंडरचा व्यास साडेचार इंच होता. त्याच्या हेडवर एक छोटे हातचाक असे, ज्याने ज्वलनकक्षाची पोकळी कमी-जास्त करून इंजिन सुरू करतानाचा दाब आणि चालतानाचा दाब बदलता येई. राजकोटी नकलांमध्ये घडण आणि मापे तीच असल्याने पिस्टन, लाइनर यांसारखे भाग अदलाबदलीने बसतात. पण हे हातचाक बहुतेकांत नसते. त्यामुळे पाटी गेलेल्या इंजिनाच्या बाबतीत जाणकार प्रथम हेडकडे पाहतो, मग ओतकामात उठवलेली अक्षरे शोधतो आणि फ्लायव्हील, पाया व हेड हे एकाच काळातील आहेत का ते ताडून पाहतो. हेड मूळचे आणि क्रँक नकलेचा, असे इंजिन खानदेशात अपवाद नाही, कारण शेतकऱ्याने ते चालू ठेवण्यासाठी दुरुस्त केले, दाखवण्यासाठी नव्हे.

संग्राहकांच्या बाजाराचे समर्थक असे मानतात की खरेदीदार आपल्या खिशातून मोजतो ती रक्कम हाच मूल्याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे आणि भाव वाढले की लोक आपोआप यंत्रे जपू लागतात. यावर दोन आक्षेप आहेत. एक, महाराष्ट्रात असे व्यवहार तुरळक, बहुधा रोखीने आणि नोंदीशिवाय होत असल्याने तुलनेला आकडेच मिळत नाहीत. परदेशी लिलावाचा भाव रुपयांत बदलून लावणे फसवे ठरते, कारण तेथील मागणी, सुटे भाग आणि वाहतूक यांची परिस्थिती येथे नाही. दुसरा, बाजार नावाजलेल्या कारखान्यामागे धावतो. सुताराने बाभळीच्या लाकडातून घडवलेली तिफण किंवा पांभर काळ्या जमिनीतील पेरणीच्या शेकडो वर्षांच्या ज्ञानाचा पुरावा असते, पण तिच्यावर नाव नाही, क्रमांक नाही आणि वाळवी लागली की तिचे काही उरतही नाही; म्हणून तिला भाव नाही.

६. चौथी भूमिका : वारसामूल्य

ऑस्ट्रियन कलेतिहासकार अलोइस रीगल याने १९०३ मध्ये स्मारकांविषयी लिहिताना वस्तूच्या उपयोगमूल्याहून तिचे ऐतिहासिक मूल्य आणि कालमूल्य वेगळे काढून दाखवले. एखाद्या विशिष्ट काळाचा पुरावा म्हणून असलेले मोल ते ऐतिहासिक, आणि झिजेच्या खुणांतून काळ गेल्याची जाणीव देणारे मोल ते कालमूल्य. ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी १९७९ मध्ये स्वीकारलेल्या बुरा सनदेने वारशाचे महत्त्व सौंदर्य, इतिहास, विज्ञान आणि समाज अशा निकषांवर तपासण्याची रीत घालून दिली, आणि २००३ च्या निझनी तागिल सनदेने हा विचार औद्योगिक वारशाला लावून यंत्रे, इमारती, कागदपत्रे आणि कामगारांच्या आठवणी यांकडे एकत्र पाहावे असे मांडले.

या भूमिकेतून पाहिल्यास पहूर-शेंदुर्णी पट्ट्यातील एखाद्या जिनचे मोल त्याच्या बिडात नसते आणि केवळ ‘प्लॅट’ या नावातही नसते. कापूस, रेल्वे आणि मुंबई-लँकेशायरचा व्यापार यांच्या साखळीतील ते एक सांधा असते. ते ज्या इमारतीत होते ती इमारत, ज्या पट्ट्याने चालत होते तो पट्टा, ज्या हंगामात आणि ज्या मजुरीवर बायामाणसे तेथे राबली त्याची माहिती, हे सगळे सुटे झाले की यंत्र उरते पण पुरावा क्षीण होतो. पाचोरा-जामनेर रेल्वेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली आणि लोकांच्या तोंडी ‘पीजे’ म्हणून रुळलेली ही गाडी २०२० मध्ये थांबली आणि मार्ग रुंदमापी करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना आली, तेव्हा तिच्या जतनाविषयी मागणी आणि चर्चा झाली. त्याच मार्गालगतच्या पेठांतील यंत्रे निघाली तेव्हा तशी चर्चा झाली नाही.

वारसामूल्यावरचा मुख्य आक्षेप व्यावहारिक आहे. महत्त्व मान्य केले तरी त्याचा रुपयांत आकडा कसा काढायचा? अर्थशास्त्रज्ञांनी यासाठी लोकांना ती वस्तू जतन करण्यासाठी किती पैसे द्यायची तयारी आहे असे विचारून अंदाज बांधण्याची पद्धत काढली आहे. परंतु काल्पनिक प्रश्नाला दिलेले उत्तर आणि प्रत्यक्ष दिलेली वर्गणी यांत अंतर पडते, असा तिच्यावरील जुना आक्षेप अजून मिटलेला नाही. काही अभ्यासकांच्या मते वारसामूल्य रुपयांत सांगूच नये, ते शब्दांत लिहावे आणि निर्णय घेणाऱ्यापुढे किमतीच्या शेजारी ठेवावे. उलट बाजूचे म्हणणे असे की ज्याला आकडा नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही, आणि जागा मिळाली नाही की वस्तू जाते.

७. दुरुस्ती करावी की जशी आहे तशी ठेवावी

मूल्याच्या वादाला जोडूनच दुरुस्तीचा वाद येतो, कारण दुरुस्तीने मूल्य बदलते. एक मत असे की यंत्राचा आत्मा त्याच्या चालण्यात आहे. गंजून जाम झालेले इंजिन खोलून, लाइनर-पिस्टन बदलून, रंग देऊन चालू केले तरच पुढच्या पिढीला ते कळेल. दुसरे मत असे की मूळ रंगाचा थर, हाताने घासून गुळगुळीत झालेली मूठ, गावच्या लोहाराने मारलेला पत्रा या खुणा म्हणजेच यंत्राचा इतिहास आहे आणि नवा रंग तो पुसतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरीन सनदेचा कल कमीत कमी हस्तक्षेप आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद याकडे आहे.

खानदेशातील परिस्थितीत या वादाला आणखी एक पदर आहे. येथे दुरुस्ती हीच परंपरा होती. फाळाचे टोक धारदार करून देणारा लोहार, जिनच्या सुऱ्यांना धार लावणारा फिटर, इंजिनाचा ठोका ऐकून बिघाड सांगणारा मिस्त्री यांच्या कसबामुळे यंत्रे आपल्या कारखान्यांपेक्षाही जास्त जगली. तेव्हा ‘मूळ’ म्हणजे कारखान्यातून निघाले तसे, की पन्नास वर्षे गावात चालले तसे, यावर मत बनवल्याशिवाय मूळपणाचा निकष येथे लावता येत नाही.

८. कायद्याची चौकट

पुरावशेष व कलासंपदा अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि १९७६ पासून अमलात आला. त्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या आणि गतकाळातील विज्ञान, कला, कारागिरी किंवा चालीरीतींवर प्रकाश टाकणाऱ्या वस्तू येतात आणि अशा वस्तूंची खासगी निर्यात निषिद्ध आहे. शब्दशः वाचल्यास एकोणिसाव्या शतकातील जिन किंवा नांगर या व्याख्येत बसू शकतो. व्यवहारात मात्र अधिनियमाचा भर मूर्ती, चित्रे आणि हस्तलिखिते यांवर राहिला आहे. हा अधिनियम यंत्रांना काटेकोरपणे लावला तर परदेशी ग्राहक दुरावून भाव उतरतील असे काहींना वाटते, तर न लावल्यास उरलीसुरली यंत्रे देशाबाहेर जातील अशी इतरांना भीती वाटते.

ट्रॅक्टरबाबत प्रश्न निराळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली, मात्र अशी वाहने रस्त्यावर नियमित वापरता येत नाहीत. साठच्या दशकातील ट्रॅक्टर शेतात अजून राबत असेल तर तो या चौकटीत चपखल बसत नाही आणि तो बंद ठेवून नोंदवावा तर मालकाचे साधन जाते. विम्यातही असाच पेच आहे : पाच वर्षांपर्यंतच्या वाहनाचे विमामूल्य ठरलेल्या घसाऱ्याने निघते, त्यापुढे ते विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचे असते. अशा ठिकाणी स्वतंत्र मूल्यमापनाला खरा अर्थ येतो, पण त्याला आधार लागतो तो नोंदींचा.

९. अनिर्णित राहिलेले मुद्दे

या आढाव्यातून चार प्रश्न अद्याप न सुटलेले म्हणून पुढे येतात. पहिला नकलेच्या दर्जाचा. राजकोटी इंजिनाला संग्राहक दुय्यम मानतात. परंतु महाराष्ट्रातील असंख्य विहिरींवर प्रत्यक्ष पाणी उपसले ते अशाच स्वस्त इंजिनांनी, आणि छोट्या कारखानदारीचा इतिहास म्हणून त्यांचे स्वतंत्र महत्त्व सांगणारा युक्तिवाद दुर्लक्षिता येत नाही. दुसरा दुर्मिळतेच्या मोजणीचा. जुन्या पशुगणनांत लाकडी व लोखंडी नांगर, चरक, ऑइल इंजिने आणि ट्रॅक्टर यांची संख्या तालुकावार मोजली जात असे, त्यामुळे एके काळी किती यंत्रे होती याचा अंदाज बांधता येतो. पण त्या गणना प्रकार सांगतात, कारखाना आणि नमुना सांगत नाहीत, आणि आज किती उरली हे त्यांवरून निघत नाही.

तिसरा मालकीचा. विहिरीप्रमाणेच तिच्यावरचे इंजिनही पुष्कळदा सामाईक असते. त्याची भंगाराची किंमत वाटून घेता येते, पण वारसा म्हणून ते दान द्यायचे झाले तर संमती कोणाची, आणि त्यातून पुढे कृषिपर्यटनासारखे काही उत्पन्न आले तर वाटा कोणाचा, याचे रूढ उत्तर नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. चौथा कौशल्याचा. यंत्र चालवण्याची आणि दुरुस्त करण्याची जाण ही यंत्राच्या मूल्याचा भाग धरावी की वेगळा वारसा, यावर मतभेद आहेत. धरावी असे मानल्यास मिस्त्री गेल्यावर यंत्राचे मूल्य घटते असे म्हणावे लागते, आणि ते वस्तुस्थितीला धरून आहे.

१०. समारोप

चारही भूमिका एकत्र ठेवल्यावर असे दिसते की त्या एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे नाहीत. त्या चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ताळेबंद, भंगार किंवा चालू वापर, संग्राहकाची खरेदी आणि समाजाची स्मृती यांसाठी निघणारे आकडे भिन्न असणेच योग्य आहे. गोंधळ होतो तो एका हेतूने काढलेला आकडा दुसऱ्या हेतूसाठी वापरला की : ताळेबंदातले तीस रुपये पाहून यंत्र टाकाऊ ठरते किंवा परदेशी लिलावाचा भाव ऐकून वाटणीत भांडण लागते. म्हणून प्रत्येक मूल्यमापनात हेतू, तारीख आणि आधार या तीन गोष्टी आकड्याच्या आधी लिहिल्या जाव्यात, यावर भिन्न भूमिकांच्या अभ्यासकांनाही सहमत होता यावे.

दुसरी सहमती शक्य आहे ती नोंदीविषयी. संग्राहकाचा बाजार, वारसामूल्य, विमा आणि कायदा या सर्वांचे अडते ते यंत्राची ओळख आणि इतिहास यांच्या अभावापाशी. पाटी आणि ओतकामातील अक्षरे यांची छायाचित्रे, मापे, खरेदीची पावती असल्यास तिची प्रत, यंत्र कुठे व कोणत्या कामाला होते याची वापरणाऱ्याच्या तोंडून घेतलेली हकीगत, इतकी नोंद करायला खर्च जवळजवळ नाही आणि ती कोणत्याही भूमिकेच्या विरोधात जात नाही. जळगावचे विद्यापीठ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि कृषी महाविद्यालय अशा संस्था या विभागात आहेत आणि हे काम तालुक्यागणिक विभागून करता येण्याजोगे आहे. सर्वच यंत्रे जपता येणार नाहीत आणि ती जपावीत असा आग्रह धरणेही शेतकऱ्यावर अन्यायाचे ठरेल; परंतु यंत्र मोडीत निघण्याआधी त्याची नोंद झाली तर मूल्याचा वाद पुढेही चालू ठेवता येतो, आणि नोंद न होता ते वितळले तर वजनाचा भाव हेच त्याचे अखेरचे मूल्य ठरते.